तिथी पाहून समुद्र

नवी मुंबईत राहणाऱ्यांना समुद्राचे अप्रूप कशाला, असे आमच्या देशावरच्या नातेवाइकांना नेहमी वाटते. नकाशा पाहिला तर त्यांचे म्हणणे खोडून काढता येत नाही, कारण नेरूळच्या आमच्या घरापासून पाणी चालत जाण्याच्या अंतरावर आहे. पण ते खाडीचे पाणी आहे. तिथे खारफुटी आहे, चिखल आहे, थंडीत उतरणारे रोहित पक्षी आहेत, दिवाळे कोळीवाड्याच्या धक्क्याला लागलेल्या होड्या आहेत; पाय बुडवून उभे राहावे अशी वाळू मात्र नाही. जानेवारी २०२४ मध्ये रेल्वे उरणपर्यंत पोहोचल्यापासून पीरवाडीच्या किनाऱ्यावर जाऊन एक संध्याकाळ काढता येते, तशी आम्ही काढतोही. परंतु चार दिवस समुद्रापाशी राहायचे म्हटले की घरात निवडीचा प्रश्न उभा राहतो, आणि हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही.

घरात माणसे चार आणि समुद्र चार प्रकारचे हवे असलेले. सासूबाईंच्या एका गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली आहे; त्यांना पाण्याजवळ खुर्ची टाकून बसायचे असते. नववीतल्या मुलाला पाण्याखालचे मासे पाहायचे असतात. नवऱ्याला जिथे कोणी भोंगा लावणार नाही असा किनारा हवा असतो आणि मला लांब, न थांबता चालता येईल अशी ओली, घट्ट वाळू हवी असते. चर्चा सुरू झाली की प्रत्येक जण मोबाइलवर एक फोटो पुढे करतो. त्या सगळ्या फोटोंत निळे पाणी, पांढरी वाळू आणि वाकलेला माड असतो. तो मालदीवचा आहे, क्राबीचा आहे की लक्षद्वीपचा, हे खाली लिहिलेले नाव वाचल्याखेरीज सांगता येत नाही. त्याहून मोठी अडचण अशी की फोटो कोणत्या महिन्यात, दिवसाच्या कोणत्या वेळी आणि भरतीला काढला की ओहोटीला, हे त्यात कुठेही नसते. माझ्या मते समुद्राची सहल ठरते ती नेमकी या तीन गोष्टींवर, आणि म्हणून मी हल्ली फोटो बाजूला ठेवून आधी भिंतीवरचे कालनिर्णय पाहते.

पहिला प्रश्न महिन्याचा. आपल्याकडे पाऊस आणणारा नैऋत्येचा वारा केवळ आपल्यासाठी वाहत नाही. जून ते सप्टेंबर तो जसा कोकणाला झोडपतो, तसाच श्रीलंकेच्या नैऋत्य किनाऱ्याला आणि थायलंडच्या अंदमान समुद्राकडच्या बाजूलाही, म्हणजे फुकेत आणि क्राबीलाही झोडपतो. त्या दिवसांत तिकडची हॉटेले स्वस्त का मिळतात, याचे उत्तर फुकेतच्या पश्चिम किनाऱ्यावर लावलेले लाल बावटे देतात. गंमत अशी की त्याच काळात श्रीलंकेचा पूर्व किनारा, त्रिंकोमाली आणि अरुगम बे, डोंगरांच्या आडोशाला असल्यामुळे कोरडा असतो. थायलंडच्या आखाताकडचे कोह सामुईही बरेचसे वाचते. ऑक्टोबरनंतर वारा फिरतो आणि पारडे उलटे होते. ईशान्येचा वारा चेन्नई, त्रिंकोमाली आणि सामुई यांना पाऊस देतो, तर फुकेत नोव्हेंबरपासून निवळू लागते, आणि डिसेंबर ते मार्च श्रीलंकेच्या नैऋत्येकडचे मिरिसा आणि उनावटुना, तसेच मालदीव, लक्षद्वीप ही सगळी मंडळी आपल्या उत्तम रूपात असतात. विषुववृत्ताच्या दक्षिणेला हिशेब पुन्हा वेगळा. बालीत साधारण एप्रिल ते ऑक्टोबर कोरडा काळ असतो आणि मॉरिशसमध्ये मे ते ऑक्टोबर हा सुखद हिवाळा. तिथे जानेवारी ते मार्च ही वादळांची वेळ. (मॉरिशसचे नाव निघाले की सासूबाईंना त्या बेटावरच्या मराठी कुटुंबांची आठवण होते. तिथे गणेश चतुर्थीला सार्वजनिक सुट्टी असते, या एका गोष्टीवर त्यांनी त्या देशाला आधीच पसंत करून टाकले आहे.)

आता यात आपल्या शाळांच्या सुट्ट्या बसवून पाहाव्यात. मे महिन्याची मोठी सुट्टी ही घराजवळच्या समुद्रासाठी सर्वांत वाईट. आंबा-फणसाच्या लोभाने त्या दिवसांत कोकणात जरूर जावे, पण उकाडा असह्य असतो आणि महिन्याच्या उत्तरार्धात समुद्र फुगू लागतो. १ जूनपासून तर मासेमारीच बंद होते, ती थेट जुलैअखेरपर्यंत. मे महिन्यात समुद्रच हवा असेल आणि खर्चाची तयारी असेल, तर बाली किंवा त्रिंकोमाली हा शहाणपणाचा निर्णय ठरेल. नाताळच्या सुट्टीत हवा बहुतेक ठिकाणी चांगली असते आणि म्हणूनच माणसेही तिथे सगळीकडे असतात. उरते दिवाळीची सुट्टी. त्या वेळी अंदमानात पाऊस पुरता संपलेला असेलच असे नाही, पण कोकणात मात्र पाऊस ओसरलेला असतो, झाडे अजून हिरवी असतात आणि थंडीचे पर्यटक यायचे असतात.

इथे मुलगा हटकून विचारतो की कोकणातले पाणी फोटोतल्यासारखे निळे का नाही. प्रश्न योग्य आहे आणि त्याला ‘आपले ते आपले’ असे उत्तर देणे मला पटत नाही. मालदीव आणि लक्षद्वीप ही प्रवाळांवर उभी असलेली बेटे आहेत. तिथे नदी नाही, त्यामुळे गाळ नाही. भरती-ओहोटीतला फरक जेमतेम मीटरभर, त्यामुळे तळ फारसा ढवळला जात नाही. तिथली वाळूही डोंगरातून आलेली नाही. ती प्रवाळांचा आणि शिंपल्यांचा चुरा आहे. त्यातला बराचसा भाग पोपटमाशांनी प्रवाळ कुरतडून, त्यातले खाण्याजोगे तेवढे पचवून, उरलेले मागे टाकल्यामुळे तयार होतो, आणि एक मोठा पोपटमासा वर्षाला शेकडो किलो वाळू बनवतो. ज्या पांढऱ्या शुभ्र वाळूवर मधुचंद्राचे फोटो काढले जातात तिचे हे मूळ मुलाला फार आवडले. कोकणात सावित्री, वाशिष्ठी, शास्त्री, काजळी, कर्ली अशा नद्या सह्याद्रीचा काळा कातळ आणि जांभ्याची माती चार महिने समुद्रात ओतत असतात. तरीही वाळू सगळीकडे एकसारखी नाही. शिंपल्यांचा चुरा अधिक असेल तिथे ती उजळ होते, जड खनिजे साठली असतील तिथे काळी. रत्नागिरीत तर गावाच्या एका बाजूला पांढरा समुद्र आणि दुसऱ्या बाजूला, मांडवीकडे, काळा समुद्र अशी नावेच पडली आहेत.

प्रवाळबेटांचा खरा फायदा रंगात नाही, तो संरक्षणात आहे. बाहेरच्या प्रवाळभिंतीवर लाटा फुटून जातात आणि आत कमरेइतके निवांत पाणी मिळते. ज्याला पोहता येत नाही, किंवा ज्याच्या सोबत लहान मूल आहे, त्याने कोकणाचा अभिमान थोडा आवरता घ्यावा आणि पैसे असतील तर असे पाणी निवडावे, असे मी स्पष्टच सांगते. बालीतही हाच निकष लावावा. सानूर आणि नुसा दुआच्या पुढे प्रवाळाचा बांध आहे, तर कुटा आणि सेमिन्याकचे पाणी लाटांवर स्वार होणाऱ्यांचे आहे. मात्र सानूरला ओहोटी लागली की पाणी पार दूर जाते आणि घोट्याइतक्या डबक्यांतून चालावे लागते, हे हॉटेलच्या जाहिरातीत छापलेले नसते. मालदीवमध्ये २००९ पासून वस्तीच्या बेटांवर स्थानिकांना अतिथीगृहे चालवण्याची मुभा मिळाली, त्यामुळे मध्यमवर्गीय माणसालाही तिथे जाणे आता अशक्य राहिलेले नाही. लक्षद्वीपसाठी परवाना लागतो, कोचीहून जहाज किंवा अगत्तीचे विमान धरावे लागते, आणि राहण्याची सोय मोजकीच आहे. एकूण ३६ बेटांपैकी वस्तीची फक्त १०. ती गर्दीपासून वाचली आहेत ती याच अडचणींमुळे, हेही मान्य केले पाहिजे. शिवाय समुद्राचे पाणी तापल्यामुळे १९९८, २०१६ आणि २०२४ या वर्षी तिथली प्रवाळे मोठ्या प्रमाणावर पांढरी पडली. पाहायचे असेल तर लवकर पाहून घ्या, असा सूर त्यावर काही जण लावतात; मला तो ऐकवत नाही.

मुलाचे मन खरे तर अंदमानवर बसले होते. हॅवलॉकचे, म्हणजे २०१८ पासूनच्या स्वराज द्वीपाचे, राधानगर हे देशातल्या सर्वांत देखण्या किनाऱ्यांपैकी आहे यात शंका नाही. २०२० मध्ये ज्या पहिल्या आठ भारतीय किनाऱ्यांना ब्लू फ्लॅग, म्हणजे स्वच्छ आणि सुरक्षित किनाऱ्यांना दिले जाणारे आंतरराष्ट्रीय मानांकन मिळाले, त्यात ते होते. पण तिथली घड्याळाची गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. बेटे आपल्यापेक्षा खूप पूर्वेला आणि घड्याळ मात्र आपलेच, त्यामुळे डिसेंबरात संध्याकाळी पाचच्या सुमारास सूर्य बुडतो. आपल्या सवयीने दुपारचा चहा घेऊन निघालेले पर्यटक अंधारात पोहोचतात. त्याच बेटाच्या पूर्वेकडचा विजयनगर किनारा ओहोटीला खडक आणि मृत प्रवाळांनी भरून जातो आणि पोहणे थांबते. काही किनाऱ्यांवर मगरींची सूचना लावलेली असते, ती गांभीर्याने घ्यायची असते. विमान, जहाज आणि पुन्हा गाडी, हे सगळे सासूबाईंच्या गुडघ्याला चार दिवसांसाठी झेपणारे नाही. अंदमानला जायचे तर किमान आठवडा काढून, आणि सेल्युलर जेलसाठी एक पूर्ण दिवस राखून जावे. समुद्रावरून परतताना वाटेत उरकण्याची ती जागा नाही.

महिना ठरला की मग तिथी. याचा धडा मला दिवाळे गावच्या मासळी बाजारात मिळाला. एका कोळीण मावशींना मी विचारले होते की आज ताजी मासळी इतकी थोडी कशी, तर त्या म्हणाल्या, “भांग हाय ना, ताई.” अमावास्या आणि पौर्णिमेच्या सुमारास उधाण येते, पाणी पुष्कळ चढते आणि तितकेच उतरते, अष्टमीनंतर एकदोन दिवस भांगाचे, तेव्हा पाण्याची चढउतार सर्वांत कमी. मुंबईजवळ उधाणाच्या वेळी भरती-ओहोटीतला फरक चार-पाच मीटरपर्यंत जातो आणि दक्षिणेकडे तो कमी होत जातो. वेळेचा हिशेबही किनाऱ्यावरच्या माणसांना पाठ असतो. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ येते. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, पौर्णिमेला सव्वाअकराच्या पुढेमागे. सकाळी तशीच रात्री, आणि त्यापासून सहा तासांनी ओहोटी. गावागावांत थोडा वेळ इकडेतिकडे होतो, पण सहल आखायला एवढा हिशेब पुरतो. अंदमानात किंवा बालीत मात्र तो चालत नाही, तिथले भरतीचे तक्तेच पाहावे लागतात.

या हिशेबाने किनारा किती बदलतो, हे एकदा कळले की हॉटेलपेक्षा तिथी आधी ठरवावीशी वाटते. पौर्णिमेला गेलात तर भर दुपारी पाणी सुरूच्या बनाला टेकलेले असते आणि सकाळ-संध्याकाळ ते दूरवर उतरलेले. माझ्यासारख्या चालणाऱ्या माणसाला याहून चांगले काही नाही, कारण नुकत्याच उघड्या पडलेल्या वाळूवर पाय रुतत नाहीत आणि दिवेआगरसारखा सुमारे चार किलोमीटरचा किनारा एका दमात पार करता येतो. पण सासूबाईंना त्याच संध्याकाळी पाण्यापर्यंत पोहोचायला तेवढीच ओली वाळू तुडवावी लागते आणि मग त्या दुरूनच ‘मी बसते इथे’ म्हणतात. अष्टमी-नवमीला उलट. सूर्यास्ताच्या सुमारास भरती पुरी होत आलेली असते, म्हणजे पाणी स्वतःच खुर्चीजवळ येते. पाण्याची चढउतार कमी असल्याने प्रवाह मंद असतात आणि तळ कमी ढवळल्यामुळे पाणी त्यातल्या त्यात स्वच्छ असते. मासे पाहणाऱ्यालाही हेच दिवस सोयीचे. म्हणजे आमच्या चौघांपैकी तिघांचे काम भांगात होते आणि मला थोडी तडजोड करावी लागते.

दिवसातली वेळ ही त्या मानाने छोटी बाब, पण ती फुकट मिळणारी आहे. शाळेच्या भूगोलात खारे वारे आणि मतलई वारे पाठ केलेले असतात, ते कोकणात अंगाला लागतात. पहाटे वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो आणि पाणी सपाट असते. दुपारकडे खारा वारा सुटला की ते खडबडीत होते. कोकणचा सगळा किनारा पश्चिमेकडे तोंड करून असल्यामुळे सकाळचा सूर्य माडा-सुरूंच्या मागून येतो आणि वाळूवर बराच वेळ सावली राहते. तेव्हा पाण्यात जायचे ते सकाळी, आणि दुपारी जेवून निजायचे. सोलकढीचा दुसरा वाडगा घेतल्यावर दुसरे काही सुचतही नाही.

किनाऱ्याच्या उताराविषयी मात्र जरा थांबून लिहायला हवे, कारण यात जीव गुंतलेला असतो. वाळू बारीक असेल तर किनारा सहसा सपाट असतो आणि पाणी हळूहळू खोल होते. वाळू जाड, पायाला टोचणारी असेल तर चार पावलांवर तळ नाहीसा होण्याचा संभव असतो. सपाट किनारा म्हणजे निर्धोक किनारा, असा समज करून घेऊ नये. लाटांनी आत आणलेले पाणी कुठून तरी परत जायचेच. ते एखाद्या अरुंद पट्ट्यातून जोराने खोल समुद्राकडे खेचले जाते आणि नेमक्या त्या पट्ट्यात लाटा कमी फुटत असल्यामुळे नवख्याला तीच जागा शांत वाटते. गावातली माणसे याला ‘पाण्याला ओढ आहे’ असे म्हणतात. ओढीत सापडल्यास किनाऱ्याच्या दिशेने झगडू नये, किनाऱ्याला समांतर पोहत बाजूला व्हावे. खाडीच्या मुखाशी आणि खडकांच्या कडेला ही ओढ अधिक असते, उधाणाच्या दिवसांत त्याहून अधिक. ज्या घरी उतरलो असू तिथल्या काकूंनी किंवा दादांनी ‘आज नको’ म्हटले, तर कारण विचारू नये, असा आमच्या घरात नियम आहे.

जवळच्या किनाऱ्यांबद्दल थोडक्यात आटोपते. नागाव आणि काशीद नेरूळहून पनवेल, पेण, वडखळमार्गे एका दिवसात करता येतात, आणि तीच त्यांची अडचण आहे. शनिवार-रविवारी वाळूवर चारचाकी बाइका, घोडागाड्या आणि पाण्यात केळ्याच्या आकाराच्या होड्या यांचा इतका गलबला असतो की नवरा गाडीतून उतरायलाच तयार होत नाही. आठवड्याच्या मध्ये गेल्यास हेच किनारे ओळखू येत नाहीत इतके बदललेले असतात. दिवेआगर आणि श्रीवर्धन मला मनापासून आवडतात. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळाने तिथल्या सुपारीच्या वाड्या आडव्या केल्या, सुरूची झाडे मुळांसकट उपटली. श्रीवर्धनी रोठा ही नावाजलेली सुपारी ज्यांच्या वाडीत पिकायची त्यांचे पिढीजात उत्पन्न एका दुपारी गेले. त्यानंतर लावलेली रोपे उभी राहत असताना तिथे राहून, तिथे जेवून यावे, हे मला पर्यटनाचे एक चांगले कारण वाटते. पण मुलाला हवे असलेले मासे तिथल्या पाण्यात दिसणार नाहीत.

मासे पाहायचे तर मालवण. १९८७ पासून तिथे सागरी अभयारण्य आहे, सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपासच्या खडकांवर थोडीफार प्रवाळे आहेत आणि नळी-चष्मा लावून वरूनच पाहण्याची सोय आहे. लक्षद्वीपची सर त्याला नाही, आणि पाणी नोव्हेंबरच्या सुरुवातीपेक्षा डिसेंबर-जानेवारीत अधिक हमखास निवळते, हे मुलाला आधीच सांगून ठेवले आहे. तारकर्ली आणि देवबाग सुट्टीत तुडुंब भरतात, म्हणून मुक्काम उत्तरेकडे तोंडवळीला. सुरूचे बन, लांब किनारा आणि दुकाने फारशी नाहीत. भाऊबीज शुद्ध द्वितीयेला होते. नणंदेकडची ओवाळणी, फराळाची देवाणघेवाण उरकून सप्तमीच्या रात्री पनवेलला गाडीत बसायचे, सकाळी कुडाळला उतरायचे, आणि अष्टमी, नवमी, दशमी हे भांगाचे दिवस किनाऱ्यावर काढून एकादशीला परतायचे, असा बेत आहे. कार्तिकी एकादशी असल्याने सासूबाईंचा उपास गाडीत घडेल. साबुदाण्याची खिचडी कोण करून देणार, याची चौकशी त्यांनी माझ्याआधीच करून ठेवली आहे.

रेल्वेचे आरक्षण प्रवासाच्या ६० दिवस आधी उघडते आणि दिवाळीच्या दिवसांत कोकणच्या गाड्या बघता बघता भरतात, त्यामुळे ती तारीख कालनिर्णयावर लाल पेनाने गोल करून ठेवली आहे. घरमालकांना मी फोनवर खोलीच्या भाड्याआधी पायऱ्यांबद्दल विचारले. “पायरी एकच आसा,” ते म्हणाले, “पण उंच आसा.” मग थोडे थांबून त्यांनीच सांगितले की आजी येणार असतील तर चिऱ्याचा एक दगड मध्ये टाकून ठेवतील. मी खोली तिथल्या तिथे पक्की केली.